पाच स्वरांचा शब्द शोधताना झालेला घोळ

वेंगुर्ल्याला बहिणीकडे होतो. बाहेर पाऊस, लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी तेवढी शाबूत. भाच्याला अभ्यास होता: ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधा. मी ऐटीत लिनक्सच्या (माझ्या लॅपटॉपवरच्या प्रणालीच्या) शब्दयादीवर ग्रेप, म्हणजे जुळणाऱ्या ओळी गाळून दाखवणारी आज्ञा, चालवलं, पाचही अक्षरं चौकोनी कंसात घालून. पडद्यावर धो धो शब्द. "मामा, ही तर अख्खी डिक्शनरीच इली!"

चूक माझीच. चौकोनी कंस म्हणजे 'यातलं कुठलंही एक'. मला हवी होती पाचही. मग प्रत्येक अक्षराला वेगळं ग्रेप लावलं आणि मधे उभी रेघ, म्हणजे पाइप. पहिल्यातून गळून आलेलं दुसऱ्यात, असं पाच गाळण्यांतून, नारळाचा रस काढतात तसं. कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक करू नये म्हणून आज्ञेला वजा आय (-i) जोडलं.

'एज्युकेशन' आलाच. पण 'सेक्वोया' (sequoia, एक झाड) बघून भाचा खूश: सातच अक्षरं, त्यात पाच स्वर! 'फसीशस'मध्ये (facetious) तर ते क्रमाने येतात.

एकच अक्षर दोनदा हवं असेल तर मात्र ही युक्ती फसते. तिथे दोन ईंच्या मधे टिंब आणि तारा (.*) टाकायचा, म्हणजे 'मधे काहीही चालेल'.