लॅपटॉप बंद पडला: दुरुस्ती की नवा?

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून लगेच नव्याच्या ऑफर चाळायला बसू नका. आधी नेमकं काय गेलंय ते बघा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड (लॅपटॉपचं मुख्य सर्किट) बहुधा शाबूत आहे. दोष डिस्प्लेत किंवा त्याच्या केबलमध्ये.

बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी, डिस्क यांवरचा खर्च सहसा परवडतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसवली तर वेग इतका वाढतो, की नव्याचा विषयच मागे पडतो. टचपॅड वर उचललं गेलं असेल तर मात्र बॅटरी फुगल्याची शंका घ्या आणि चार्जिंग तिथेच थांबवा.

मदरबोर्ड गेला किंवा आत चहा सांडला, तर हिशेब बदलतो. खर्चाची तुलना नव्या लॅपटॉपशी नको, तशाच सेकंडहँड मॉडेलच्या किमतीशी करा. निम्म्याच्या वर गेला तर मी तरी नाद सोडेन.

वयही महत्त्वाचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या मशीनवर मोठा खर्च कशाला? (लिनक्स वापरणाऱ्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.)

जुना विकण्याआधी डिस्क काढून घ्या. यूएसबी केसमध्ये (डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडणारी डबी) घातली की फोटो, कागदपत्रं मिळतात. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ‘रिकव्हरी की’ मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा.