या चुका टाळा: उंदरांवर परागकणांच्या दम्याची इम्युनोथेरपी तपासताना

इम्युनोथेरपी म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच अर्क टोचून ती ॲलर्जी शमवणं. उंदराला परागकणांचा दमा आपणहून होत नाही, तो आपण घडवतो. बॅल्ब-सी जातीच्या उंदराच्या पोटात टिमथी गवताच्या परागाचा अर्क ॲलममध्ये (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या क्षारात) मिसळून टोचायचा, मग तोच अर्क नाकात सोडायचा. त्यामुळे शेवटी सूज कमी दिसली, तर ती उपचाराने उतरली की मुळात चढलीच नव्हती, हे आधी तपासा. ॲलर्जी केलेला, उपचाराऐवजी फक्त बफर (औषध नसलेलं क्षारद्रावण) टोचलेला आणि नाकातून अर्क दिलेला गट हवाच. त्याच्या फुप्फुसाच्या धुवणात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर नसतील, तर त्या फेरीवरून काहीही ठरवू नका.

सर्वांत घातक चूक क्रमाची. ॲलर्जी होण्याआधीच इंजेक्शनं दिली तर ती लस झाली. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनला परागाचा अर्क टोचला, तो आधीच हे-फीवर (परागाच्या ॲलर्जीची सर्दी) असलेल्या माणसांना. म्हणून आधी रक्तात त्या परागाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड) दिसू द्या, उपचार त्यानंतर.

उपचारानंतर आयजीई घसरलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. एलायझाच्या (प्रतिपिंड मोजण्याच्या चाचणीच्या) प्लेटवर थेट ॲलर्जन (परागातलं ॲलर्जी आणणारं प्रथिन) लावलं असेल, तर उपचाराने वाढलेलं आयजीजी (दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड) त्याच्या जागा अडवून बसतं. आयजीईला चिकटायला वाव राहत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. प्लेटवर अँटी-आयजीई (आयजीईला पकडणारं प्रतिपिंड) लावा, सीरममधलं आयजीई त्यावर पकडा, धुवा, आणि मग मोजता यावं म्हणून बायोटिन ही खूण जोडलेलं ॲलर्जन घाला. एवढ्या एका बदलाने कित्येकदा निष्कर्षच पालटतो.

सी५७ब्लॅक-६ जातीचे उंदीर वापरत असाल तर आयजीजी-२ए हा आयजीजीचा उपप्रकार शोधू नका. त्यांच्यात ते नसतं, आयजीजी-२सी असतं.

अर्कातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) प्रत्येक बॅचला मोजा. त्याची मात्रा बदलली की प्रतिकारशक्तीचा कलही बदलतो. परागातल्या ग्लुकान या शर्करा-साखळीमुळे एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी फसवी जास्त दाखवू शकते, तेव्हा ग्लुकान रोखणारं बफर वापरा.

श्वासनलिकांची संवेदनशीलता पेनएचवर (मोकळ्या उंदराच्या श्वासाच्या लयीवरून काढलेल्या अप्रत्यक्ष आकड्यावर) ठरवू नका. भूल देऊन, नळी घालून, श्वासनलिका आकुंचवणाऱ्या मेथाकोलिनच्या वाढत्या मात्रांना प्रत्यक्ष रोध मोजा.

आणि उपचाराच्या इंजेक्शननंतर उंदराचं तापमान घ्या. ते झपाट्याने उतरलं तर ॲनाफिलॅक्सिस (सर्वांगाची जीवघेणी ॲलर्जी) समजा, पुढची मात्रा कमी करा. त्यात दगावलेले उंदीर गाळून सरासरी काढू नका. सर्वांत तीव्र ॲलर्जीचे तेच असू शकतात, आणि ते वगळले की उरलेला गट उगाच बरा दिसतो.