पाड्यावरची शाळा ग्रामसभेच्या ताब्यात आणताना

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित भागात, गावाकडे दोन हत्यारं आहेत. 1996चा पेसा कायदा सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर ग्रामसभा व पंचायतींचं नियंत्रण मानतो. शिक्षण हक्क कायद्याचं (2009) कलम 21 शाळा व्यवस्थापन समितीला कामकाजावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर नजर ही कामं देतं. गाडं अडतं ते इतिवृत्ताच्या, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायच्या, वहीत.

आधी समिती खरी करा. तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला. म्हणजे 12 जणांत 9 पालक, 6 बाया. मोहफुलं वेचायच्या दिवसांत किंवा बाजाराच्या दिवशी पालकसभा लावली की कुणी येत नाही आणि नावं शाळेतच भरली जातात. सभा संध्याकाळी पाड्यावरच घ्या, दवंडी घरच्या बोलीत द्या.

कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा नको. मजकूर गोंडी, कोरकू, जी बोली असेल तीत वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, मगच सह्या. पानाचा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या.

ठरावात तक्रार नको, हिशेब हवा. ‘गुरुजी येत नाहीत, कारवाई व्हावी’ हा कागद फायलीत झोपतो. ‘अमुक ते अमुक तारखेत कामाच्या 24 दिवसांपैकी 9 दिवस शाळा 11 नंतर उघडली, तारखा सोबत’ असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय परतू नका. गुरुजी निवडणूक, जनगणना किंवा आपत्तीच्या कामावर होते का, तेही आधी विचारा. अशी कामं कायद्यातच बसतात. दोष त्यांचा नसतो.

भाषेचा मुद्दा विकास आराखड्यात घाला: पहिली-दुसरीत घरी कोणती बोली बोलणारी किती मुलं, याचा तक्ता. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेत शिकवायला सांगतं. पुस्तकं, चित्रतक्ते यांसाठी पेसाच्या 5 टक्के अबंध निधीकडे (आदिवासी उपयोजनेतला, गावाने स्वतः ठरवून खर्चायचा वाटा) पाहा. शिक्षण त्यात बसतं.

थेट स्वतःची शाळा काढायची असेल, तर मान्यता आधी. त्याच कायद्याच्या कलम 18 नुसार विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड, पुढे दिवसाला 10 हजारांपर्यंत. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी शाळा सुरू केली, तिलाही मान्यतेवरूनच नोटीस आली.