सगळंच चमकतंय? पोलराइज्ड प्रकाशात वनस्पती पाहताना या चुका टाळा

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून अळूची जुडी आणायची, देठाचा पातळ छेद घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली दोन पोलराइज्ड फिल्टरच्या (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्यांच्या) मधे ठेवायचा. काळ्याभोर अंधारात कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांच्या सुया लखलखतात. तरी दर प्रॅक्टिकलला तेच: "मॅडम, काहीच दिसत नाही!" नाहीतर, "मॅडम, सगळंच चमकतंय!"

सगळंच चमकत असेल तर मी आधी कव्हरस्लिप, म्हणजे छेदावरचं पातळ झाकण, बघते. बहुतेक वेळा ती प्लास्टिकची निघते. प्लास्टिकमध्ये ताण अडकलेला असतो, तो रंग दाखवतो आणि पोरं त्यालाच पेशीभित्तिका समजून जर्नलमध्ये काढतात. काचेचीच वापरा. आणि छेद ठेवण्याआधी रिकामी काच ठेवून, वरचा फिल्टर फिरवत मायक्रोस्कोपमधून दिसणारं मैदान जास्तीत जास्त काळं करून घ्या. छेद ठेवून मग 'छान दिसेपर्यंत' फिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, स्लाइड परत देते.

दुसरी चूक माझी स्वतःची. नोकरीचं पहिलं वर्ष, ठाण्यातला जुलैचा पाऊस. बटाट्यातल्या स्टार्चच्या पिठूळ कणांवर चार काळ्या बाहूंची फुली मुलांना दाखवायची होती. पाणी जास्त पडलं, कव्हरस्लिप तरंगू लागली. टिपकागदाने टिपायचं सोडून मी स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावर धरली. फुल्या गायब! मी फिल्टर पुसले, बल्ब बदलला, तासभर गेला. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी बटाटा नव्याने खरवडला, थंड पाण्यात ठेवला. फुल्या हजर. मामा म्हणाले, "बाई, तुम्ही खळ केलीत."

खरंच खळ केली होती. कणातले रेणू मध्यापासून बाहेर रचलेले असतात, म्हणून फुली दिसते. पाण्यात साठ-पासष्ट अंशांच्या आसपास कण फुगतात, रचना मोडते, फुली जाते. तेव्हापासून माझ्या टेबलावर टिपकागद असतो, दिवा कपाटात.

आयोडीन टाकलेल्या स्लाइडवर फुली शोधू नका. फुलीसाठी वेगळी स्लाइड करा.

सुई दिसली नाही म्हणून "नाहीच" म्हणू नका. फिल्टरच्या दिशेत पडलेली सुई काळीच दिसते. एका पूर्ण फेरीत चार वेळा विझते. आपल्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपचं स्टेज फिरत नाही, तर स्लाइडच हाताने पंचेचाळीस अंश वळवा. इतकाही धीर नसणारे 'ऑनलाइन फोटो पाहिला, मॅडम' म्हणतात.

फिल्टर म्हणून त्रिमितीय सिनेमाचे चष्मे कापून लावू नका, ते बहुधा वर्तुळाकार पोलराइज्ड असतात, आपल्याला एकाच दिशेतला प्रकाश हवा. मोडक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलराइज्ड पट्टी बरी. येऊरहून काही तोडून आणू नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.

आणि स्लाइड रुमालाने पुसू नका. मागच्या वर्षी एका मुलीने सुंदर, लांब, चमकणारा 'तंतू' काढला, नावही दिलं. तिच्या ओढणीचा सुती धागा होता.