गणपतीत पहिला डोस, शिमग्यात तिसरा : गावच्या हिपॅटायटिस शिबिराची तयारी

गावात हिपॅटायटिस बी आणि सीची, म्हणजे विषाणूंमुळे लिव्हरला होणाऱ्या दोन आजारांची, तपासणी ठेवायची ठरली की पहिल्या बैठकीत मंडप, बॅनर, पाहुणे आणि नाश्ता यांवरच जास्त बोलणं होतं. माझं सांगणं आहे की तयारी शेवटाकडून सुरू करा. ज्याची तपासणी पॉझिटिव्ह येईल तो दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, त्याच्यासोबत कोण जाणार, आणि आज बीच्या लसीचा पहिला डोस घेतलेल्याला तिसरा डोस कोण देणार, हे आधी कागदावर लिहा. ही तीन उत्तरं हातात नसतील तर तारीख जाहीर करू नका. रोग सांगायचा आणि माणसाला वाऱ्यावर सोडायचं, त्यापेक्षा शिबिर महिनाभर पुढे गेलेलं चालेल.

म्हणून पहिली फेरी प्राथमिक आरोग्य केंद्रात. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला आणि त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मेडिकल ऑफिसरांना भेटून आपल्या जिल्ह्याचं उपचार केंद्र कुठे आहे, तिथली ओपीडी कोणत्या वारी असते आणि रक्ताचा पुढचा नमुना कुठून जातो, हे विचारून घ्या. तपासणीचे किट, लॅब टेक्निशियन आणि लस टोचायला सिस्टर त्यांच्याकडूनच मिळतील, पण त्यांना लेखी पत्र आणि किमान दोन महिने द्या. पत्रावर ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला असला की काम हलतं.

तारखेचा विचार सावकाश करा. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. बी विषाणूचा शोध लावणारे आणि १९७६ चं नोबेल मिळालेले बरूख ब्लूमबर्ग यांचा तो जन्मदिवस. पण कोकणात त्या दिवसांत भाताची लावणी चालू असते, पाऊस धो धो असतो, आणि चिखलातून वर येऊन रांगेत उभं राहायला वरच्या गावातल्या माणसाला सवड नसते. किनाऱ्यावर मात्र उलट आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेल आणि खलाशी घरी सापडतात. तेव्हा हर्णै, मिरकरवाडा, सातपाटी अशा बंदरांवर २८ जुलैचा आठवडा धरा आणि आतल्या गावांसाठी गणपती.

गणपती का, तर लसीच्या हिशेबामुळे. मोठ्या माणसाला बीची लस तीन डोसांत देतात : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. भाद्रपदात चाकरमानी गावात असतो, तेव्हा पहिला. आश्विनात दुसरा, तो मुंबई-पुण्यात घेता येतो. आणि फाल्गुनात शिमग्याची पालखी नाचवायला तो परत येतो तेव्हा सहा महिने पुरे झालेले असतात. गावाचे दोन मोठे सण लसीच्या वेळापत्रकात इतके नेमके बसतात, की ही संधी सोडू नये असं मला मनापासून वाटतं. चतुर्थी आणि गौरीपूजनाचे दिवस टाळून मधला दिवस घ्या. तो गावकीला विचारूनच ठरवा, कारण प्रत्येक गावची रीत वेगळी. एखाद्याचा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस पुढे घेता येतो, हेही सगळ्यांना सांगून ठेवा. उशीर झाला म्हणून लाजून न येणारे पुष्कळ असतात.

आता माणसं जोडायची. गावकर-मानकरी, मोहल्ल्याची जमात, जिथे चर्च आहे तिथले फादर, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, बचत गटाच्या अध्यक्षा, आशाताई, शाळेचे गुरुजी आणि ग्रामस्थांचं मुंबई मंडळ, यांच्यातला एकेक माणूस पहिल्या बैठकीला हवाच. जागा शक्यतो शाळेची घ्या. देवळाच्या सभामंडपात सगळ्या वाड्यांतली माणसं सारख्याच मोकळेपणाने येत नाहीत, शाळेत येतात. आंबा बागेत राखणीला आणि होडीवर कामाला आलेले नेपाळी कामगार, काजू कारखान्यातल्या बायका, यांची नावं वाडीच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी बागायतदाराशी आणि कारखानदाराशी आधी बोला, त्या दिवसाची मजुरी कापू नका म्हणून सांगा. गावातला केस कापणारा आणि जत्रेत गोंदणारा यांनाही बोलवा. वस्तरा, ब्लेड, सुई यांवरून हा रोग कसा पसरतो ते त्यांना कळलं की शंभर गिऱ्हाइकं सुरक्षित होतात. बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, नुसतं पुसून भागत नाही.

कावीळ उतरवणाऱ्याकडे जायला विसरू नका. गळ्यात माळ घालणारे, नाकात रस पिळणारे, डाग देणारे, प्रत्येक पंचक्रोशीत कुणी ना कुणी असतं आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास असतो. त्यांच्याशी वाद घालून काही साधत नाही. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला जातं. बी आणि सी वर्षानुवर्षं गप्प बसतात. डोळे पिवळे होत नाहीत, भूक लागते, माणूस नांगर धरतो, आणि आत लिव्हर आकसत जातं. कधी त्यातून कॅन्सरही होतो. कावीळ उतरवणाऱ्यांना एवढंच विनवा की तुमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला रक्त तपासून यायला सांगा, डाग देऊ नका, आणि गरोदर बाई आली तर एक तासही थांबवू नका. गरोदरपणात ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते.

गरोदर बायांची यादी आशाताईंकडे वेगळी करून ठेवा. शिबिराच्या सगळ्या कामांत हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. बी असलेल्या आईकडून बाळंतपणात बाळाला लागण झाली तर १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो विषाणू कायमचा घर करतो. मोठेपणी लागण झालेल्यांत हेच प्रमाण पाचाच्या आत आहे. उपाय साधा आहे : जन्मल्यावर २४ तासांच्या आत बीच्या लसीचा डोस, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही. हे इंजेक्शन प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं नसतं, म्हणून सातव्या महिन्यातच बाळंतपण कुठे करायचं ते ठरवा आणि ते तिथे आहे का, विचारा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला तिची मुंबईची फाईल सोबत आणायला सांगा. अशी आई बाळाला अंगावर पाजू शकते, हे तिच्या सासूलाही सांगा. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून मिळतात. बीची लस २०११ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आहे, तेव्हा शाळकरी मुलांची कार्डं आधी पाहा, बहुतेकांना पुन्हा टोचायची गरज पडणार नाही.

पैशाचं उघड बोला. तपासणी मोफत असली तरी सगळ्या मोठ्या माणसांना लस सरकारकडून मिळेलच असं धरू नका. तिथे मुंबई मंडळाची मदत लागते. त्यांच्याकडे एका डोसाचे पैसे मागू नका, तिन्ही डोसांचे एकदम मागा आणि पुढच्या दोन डोसांची रक्कम बाजूला ठेवा. मंडपाचा खर्च कमी करा. सीवर लस नाही, तिथे फक्त तपासणी आणि उपचार, हे पत्रकात स्पष्ट लिहा, नाहीतर लोक दोन्हीची लस मागत येतात.

आदल्या आठवड्यात आरतीनंतर पाच मिनिटं मागून घ्या आणि सिस्टरनाच बोलू द्या. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका विहिरीचं पाणी प्यायल्याने बी-सी पसरत नाही. रक्तातून, दूषित सुईतून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात बी असलेले २ कोटी ९८ लाख आणि सी असलेले ५५ लाख लोक होते. हा आकडा सांगा, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्याला आपण एकटेच असं वाटणार नाही.

आदल्या रात्री लस सांभाळायची. बीची लस २ ते ८ अंशांत लागते, आणि गोठली तर कायमची वाया जाते. म्हणून फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या पेटीत, भरायचे नसतात. ते टेबलावर ठेवायचे, बाहेर घाम धरू द्यायचा, आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरायचे. कुणी प्रेमाने मासळीची थर्माकोल पेटी आणि बर्फ देऊ केला तरी लस त्यात ठेवू नका. पावसात लाईट जाते, तेव्हा लस शाळेत मुक्कामी न ठेवता सकाळीच आरोग्य केंद्रातून आणा. सुया टाकायचे डबे, नीडल कटर, हायपोक्लोराइट हे जंतुनाशक, ॲलर्जीचं इमर्जन्सी किट सिस्टरबरोबर आलं का, आणि वापरलेला कचरा संध्याकाळी परत कोण नेणार, हे विचारा. टोचल्यावर अर्धा तास बसायला बाकं लागतील.

शाळेतल्या खोल्यांची मांडणी नीट करा. नावनोंदणी ओसरीवर, बोट टोचणं एका वर्गात, आणि निकाल सांगायची खोली अगदी टोकाची, दाराला पडदा, आत फक्त दोन खुर्च्या आणि सिस्टर. निकाल १५-२० मिनिटांत येतो, तेवढ्यात कुणाचं नाव पुकारायचं नाही, नंबर पुकारा. पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह, प्रत्येकाला त्याच खोलीत न्या, तेवढाच वेळ बसवा आणि सारखंच बंद पाकीट द्या. नाहीतर कोण आत जास्त वेळ बसलं यावरून संध्याकाळपर्यंत वाडीत कुजबुज सुरू होते आणि एखाद्या मुलीचं जुळलेलं लग्न मोडतं. यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाही, असं प्रत्येक स्वयंसेवकाकडून आधी कबूल करून घ्या.

सांगायचं कसं, याची तालीमही करा. साधारण असं : ‘दादा, तपासणीत बीचा विषाणू दिसतोय. लिव्हर खराब झालंय असा याचा अर्थ नाही. अजून दोन-तीन तपासण्या करायच्या आहेत, त्या फुकट आहेत. सगळ्यांना औषध लागतंच असं नाही, पण तपासत राहावं लागतं. दारू बंद करायची. वहिनींची आणि मुलांची तपासणी करून घेऊ. मी मंगळवारी तुमच्याबरोबर येते.’ सीच्या बाबतीत आधी सांगा की ही तपासणी विषाणू कधीतरी येऊन गेल्याचीही खूण असू शकते, विषाणू आता रक्तात आहे का ते दाखवणारी पुढची आरएनए तपासणी झाल्यावरच नक्की कळेल. विषाणू असला तर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण जातो. बीची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नसतात.

एसटीचं भाडं आणि सोबत जाणारा माणूस, दोन्ही प्रत्येक पॉझिटिव्ह व्यक्तीमागे आधीच ठरलेलं असू द्या. किनाऱ्यावरच्या गावांत जानेवारीअखेरचा तिसरा डोस होड्या बाहेर असताना येतो, तिथे सोसायटीला विचारून होड्या धक्क्याला लागतील त्या दिवसाची बारी सिस्टरकडून मागून ठेवा. वरच्या गावांत रजिस्टर दोन प्रतींत करा : एक सिस्टरकडे कुलपात, आणि दुसरी फक्त डोसांच्या तारखांची, निकाल न लिहिलेली, मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीकडे. दसऱ्याच्या आधी त्याने दुसऱ्या डोसासाठी फोन करायचे, आणि शिमग्याच्या पत्रिकेत पालखीच्या कार्यक्रमाखाली तिसऱ्या डोसाची तारीख आणि वेळ छापायची. पत्रिका छापायला जायच्या आधी ती तारीख मेडिकल ऑफिसरांकडून पक्की करून घ्या.