मराठवाड्याच्या रानात बिनसोयीचा मुक्काम: पाणी, जागा आणि रात्र

शिकारीसाठी रानात चार-चार दिवस तळ ठोकण्याची जुनी रीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आल्यावर कायद्याने बंद झाली. तथापि माग काढणे, वाऱ्याची दिशा पाहून बसणे आणि छपराशिवाय रात्र काढणे ही त्या मुक्कामातली कसबे प्राणी पाहायला जाणाऱ्याला आजही तितकीच उपयोगी पडतात. बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगांत ती वापरताना तंबू कोणता घ्यावा हा प्रश्न दुय्यम असतो. पाणी कोठून आणायचे आणि त्या पाण्यापासून किती दूर झोपायचे, हे आधी ठरवावे लागते.

पण त्याआधी परवानगी. गौताळा औट्रम घाट, येडशी रामलिंग घाट आणि नायगावचे मयूर अभयारण्य येथे वनविभागाच्या परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, मग मुक्कामाचे तर बोलायलाच नको. म्हणून अभयारण्याच्या हद्दीबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एखाद्या शेतकऱ्याचे पडीक रान किंवा बांधाजवळची मोकळी जागा विचारून घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलांना आपले नाव, सोबत्यांची संख्या व गाडीचा क्रमांक कळवून ठेवावा. रात्री माळावर अनोळखी बॅटरी हलताना दिसली की गावाला पहिला संशय चोरीचाच येतो, आणि त्यात गावाची काही चूक नसते.

काळ निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हाच बरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस विजा घेऊन येतो आणि उघड्या माळावर विजेइतके भय दुसऱ्या कशाचेच नसते. फेब्रुवारी सरताना गारपिटीचा धोका सुरू होतो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारांनी मराठवाड्यात पिकांसोबत जनावरेही मारली होती, हे ताडपत्रीखाली झोपणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला पाच लिटर धरावा. दोघांच्या दोन दिवसांच्या मुक्कामाला वीस लिटर, म्हणजे वीस किलो ओझे होते, आणि तेवढ्यासाठीच मुक्कामाची जागा विहिरीपासून अर्ध्या तासाच्या आत असावी. नकाशावर निळी रेघ दिसली म्हणून ओढ्यावर विसंबू नये, कारण हिवाळा संपता संपता बहुतेक ओढे कोरडे पडतात. विहिरीचे पाणी मालकाला विचारून पोहऱ्याने शेंदावे, जाड सुती कापडातून गाळावे आणि खळखळून उकळावे. उकळल्याने जंतू मरतात, फवारणीची औषधे जात नाहीत; त्यामुळे कपाशीच्या शेतातून निथळून साचलेले पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी टाळावे. शेततळ्यात मात्र कळशी बुडवायलाही उतरू नये. त्याच्या प्लास्टिकच्या अस्तराला शेवाळ धरले की पाय ठरत नाही आणि चांगला पोहणाराही उतारावरून वर येऊ शकत नाही.

पाण्याची दुसरी बाजू अशी की ते आपल्या एकट्याचे नसते. पहिल्या-पहिल्या मुक्कामांत एकदा आम्ही बालाघाटात एका पाणवठ्याच्या अगदी काठाला अंथरूण टाकले होते. मेंढरे घेऊन परतणारे एक म्हातारे बाबा थांबले आणि म्हणाले, “पाव्हणं, हितं पसारा नका टाकू. रातीला डुकरं ह्याच वाटंनं पाण्याला उतरत्यात.” आम्ही वर सरकलो आणि सकाळी पाहिले तर आमच्या मूळ जागेवरची माती नांगरल्यासारखी उकरलेली होती. तेव्हापासून पाणवठ्यापासून निदान दोनशे पावले दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाण्याकडून आपल्याकडे वारा येईल अशा बाजूला मुक्काम करण्याचा नियम आम्ही मोडलेला नाही. माणूस काठावर बसला तर तहानलेले जनावर रात्रभर अडून राहते आणि ज्याच्यासाठी आपण आलो तेच दिसत नाही.

जागा मुरमाड आणि किंचित उताराची असावी. काळ्या जमिनीत कोरड्या दिवसांत भेगा पडतात, त्यांत विंचू आणि साप आसरा घेतात. शिवाय एक सर पडली की त्याच जमिनीत गाडीची चाके रुततात. नाल्याच्या वाळूत अंथरूण मऊ लागते खरे, पण वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली चांदणे असतानाही येऊ शकतो. कड्याखाली उतरण्याआधी मान वर करून आग्या मोहोळ आहे का ते पाहावे, असल्यास तिथे धूर करू नये आणि अत्तर लावून तर जाऊच नये.

आडोशाला एक ताडपत्री, दोन काठ्या आणि पुरेशी दोरी बस्स होते. वाऱ्याकडची कड जमिनीला टेकवून दगडांनी दाबावी, कारण मुरमात खुंट्या सहसा आत जात नाहीत. खाली जाड सतरंजी, अंगावर घोंगडी, आणि या सगळ्याहून मोलाची मच्छरदाणी, जिच्या कडा चहूबाजूंनी अंथरुणाखाली खोचलेल्या असाव्यात. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही आणि खूणही नीट दिसत नाही. पुढे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध प्रभावी ठरते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना दाखवून दिले. तरी औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते. अतिनील प्रकाशाच्या छोट्या बॅटरीत विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे अंथरुणाभोवती एकदा ती फिरवून घ्यावी.

विस्तव राखीव जंगलात अजिबात करू नये. शेतात मालकाची हरकत नसेल तर वखरलेल्या मातीवर, कुसळी गवतापासून दूर, तीन दगडांची चूल मांडावी. दगड ओढ्यातले घेऊ नयेत, ओल धरलेला दगड तापला की फुटतो. तशीही चुलीची गरज पाण्यापुरती आणि चहापुरती असते. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गूळ एवढ्यावर दोन दिवस सहज निघतात. उरलेले अन्न उघडे ठेवले तर कोल्हा येतो, हे मी हौसेने करून पाहिले आहे. तुम्ही करू नये.

अंधारात पिकांच्या कडेने चालणे हा मात्र खरा जिवावरचा धोका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा थेट वीज सोडलेली असते आणि ती तार बॅटरीच्या उजेडातही चटकन दिसत नाही. लघवीला जायचे तरी ठरलेल्या वाटेनेच जावे. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ येडशीच्या जंगलात कॅमेऱ्यात टिपला गेला, त्यामुळे बिबट्यापलीकडे आपल्याकडे काही नाही, या समजुतीवर विसंबून रात्री भटकू नये.

माग पाहायचे ते उजाडल्यावर, उन्हाने कडा ढासळण्याआधी. नखे उमटलेली नसतील तर बिबट्या, नखे आणि लांबट ठसा असेल तर लांडगा किंवा गावचे कुत्रे, आणि पुढचा पंजा मागच्याहून ठळक मोठा असेल तर तरस, एवढ्यावर सुरुवात होते. बूट घालण्याआधी उलटे करून झटकावेत. शौचाचा खड्डा पाण्यापासून दूर, वीतभर खोल घेऊन बुजवावा. कॅनमध्ये उरलेले पाणी वाटेपुरते ठेवून बाकीचे राखेवर ओतावे, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळावी, आणि निघालो असे शेताच्या मालकाला फोन करून सांगावे.