ट्रकच्या कर्जाची फाईल बँकेत नेण्याआधी

सरकारी हमीचे कर्ज म्हणतात त्यातली हमी बँकेला असते, आपल्याला नव्हे. कर्ज बुडाले तर सीजीटीएमएसई, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणारा सरकारी ट्रस्ट, बँकेला ठरलेला हिस्सा देतो, कर्जदाराची देणी मात्र तशीच राहतात. वर्षाची गॅरंटी फीही बहुतेक वेळा आपल्याच खात्यातून कापली जाते. घर किंवा भाट (नारळाची बागायत) तारण द्यावे लागत नाही एवढाच फायदा. ट्रक बँकेकडे गहाण राहतोच.

योजना गाडी बघून ठरवा. सरकारच्या मुद्रा कर्जयोजनेत तरुण गटाची मर्यादा १० लाख, आणि तरुण गटाचे आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. यात पिकअप किंवा जुना ट्रक बसतो, नवा दहाचाकी बसत नाही. त्यासाठी सीजीटीएमएसईच मागा. १ एप्रिल २०२५ पासून तिथली मर्यादा १० कोटी आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा क्रमांक, रस्त्यावरून मालवाहतुकीचा, ४९२३१, हाच पडला का ते प्रमाणपत्रावर वाचून घ्या. गोव्यात फाईल अडते ती बरेचदा नावावर: जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, आधारवर वेगळे, पॅनवर तिसरेच. आधार, पॅन, उद्यम आणि चालू खाते एकसारखे करा, जुन्या दाखल्यांसाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा.

उत्पन्नाचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. दहापर्यंत गाड्या असलेले बहुतेक जण आयकराच्या कलम ४४एईने, म्हणजे ठरावीक दराने उत्पन्न धरून, रिटर्न भरतात: १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये. म्हणजे २८ टनी गाडीचे वर्षाचे उत्पन्न कागदावर ३ लाख ३६ हजार. बँक यावरून हप्ता झेपेल का ते बघते आणि नकारार्थी मान हलवते. म्हणून सोबत वर्षभराचे बँक स्टेटमेंट, बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि माल देणाऱ्या कंपनीचे करारपत्र द्या. भाडे रोखीत घेतले असेल तर बँकेच्या लेखी ते मिळालेलेच नाही. स्वतः बिल्टी न फाडता गाडी फक्त ट्रान्सपोर्ट कंपनीला लावत असाल, तर जीएसटी नोंदणी नसणे चूक नव्हे. सीएकडून तसे पत्र घ्या.

सिबिल, म्हणजे आपल्या जुन्या कर्जांचा अहवाल, आधी स्वतः काढा. २०१२ आणि २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर टिपरवाल्यांची बरीच खाती तडजोडीने मिटली. अशा खात्यासमोर ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेले) नव्हे, ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) दिसते. भावाच्या टिपरला जामीन राहिला असाल तर तेही त्यात येते. बेबाकी पत्र (देणे उरले नसल्याचा बँकेचा दाखला) शोधून ठेवा, आणि जुन्या आरसीवर अजून बँकेचे नाव असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५ देऊन ते उतरवून घ्या.

बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात प्रत्येक फेरीचा हिशेब हवा: डिझेल, डीईएफ (धूर साफ करणारा द्रव), टोल, टायरची झीज, ड्रायव्हरचा भत्ता, आणि रिकामे परतण्याचे किलोमीटरही. जाता-येता दोन्ही वेळा भरलेली गाडी दाखवली की अधिकारी लगेच ओळखतो. पावसाळ्यात फेऱ्या कमी धरा. कर्नाटकात जाणाऱ्या अनमोड घाटात दरड आली किंवा रस्ता खचला की अवजड गाड्या बंद होतात, मग पोळे-कारवारचा वळसा.

चेसिस आणि बॉडी यांची कोटेशने वेगवेगळी लागतात. बॉडीचे नसेल तर कर्ज फक्त चेसिसवर मंजूर होते आणि बॉडीचे पैसे खिशातून जातात. बॉडी बांधून पासिंग होईपर्यंत गाडी कमावत नाही, भाड्याची बिलेही दीड-दोन महिन्यांनी सुटतात. तेव्हा मंजुरीपत्रावर सही करण्याआधीच सुरुवातीचे दोन-तीन महिने हप्ता न भरण्याची सवलत (मोरॅटोरियम) त्यात लिहून मागा. नंतर मिळत नाही.

पासिंगला फॉर्म ३४ भरून आरसीवर बँकेचे नाव चढवायचे, विम्यातही तेच. नॅशनल परमिटचे वर्षाचे १६,५०० रुपये, वर रस्ताकर आणि विमा, हे सगळे डीलरच्या कोटेशनमध्ये असेलच असे नाही. मार्जिन (आपला स्वतःचा हिस्सा) भरताना तेवढी रक्कम बाजूला काढा, नाहीतर परमिटअभावी नवी गाडी पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, पुढे जाणार नाही.